सर्वानुमते

ग्रामपंचायतीच्या प्रोसिडिंग बुकात सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द कोणता, असं कुणी विचारलं तर आम्ही लगेच सांगू : सर्वानुमते. दिवाबत्तीचा विषय सर्वानुमते मंजूर, गटारीचा विषय सर्वानुमते मंजूर, घरकुलाची यादी सर्वानुमते मंजूर. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, खाली सही आणि शिक्का. वाचणाऱ्याला वाटावं, गाव किती एकदिलाचं आहे! ज्यांनी ग्रामसभा डोळ्यांनी पाहिल्या आहेत त्यांना मात्र ठाऊक असतं, की या एका शब्दाच्या पोटात किती भांडणं, किती तडजोडी आणि किती गप्प बसलेली माणसं असतात. त्या गप्प बसलेल्यांत आपली माणसं किती असतात, आणि त्याचा हिशेब पुढं कुठं निघतो, यावर आज लिहायचं आहे.

आम्ही कोडोलीचे. पन्हाळा तालुक्यातलं हे मोठं गाव. एका अंगाला जोतिबाचा डोंगर, दुसऱ्या अंगाला वारणा नदी, आणि लागूनच वारणानगर, तिथला साखर कारखाना आणि दूध संघ. गावात मराठा, जैन, लिंगायत, दलित, मुसलमान यांच्या जोडीला ख्रिस्ती वस्तीही जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मिशनऱ्यांनी इथं ठाणं केलं, तेव्हापासूनची. अशा गावात चार माणसं एका मांडवाखाली बसली की मराठीसुद्धा चार परींची ऐकू येते. आमच्या घरात दखनी, दाराबाहेर मराठी. भांडण दोन्हींत.

ग्रामसभा म्हणजे काय, हे शिकल्या-सवरलेल्यांनाही पुष्कळदा नीट माहीत नसतं. ग्रामपंचायत म्हणजे सरपंच आणि निवडून आलेले सदस्य. ग्रामसभा म्हणजे मतदार यादीत नाव असलेली गावातली प्रत्येक बाई आणि प्रत्येक बाप्या. पंचायतीची मुदत पाच वर्षांनी संपते. ग्रामसभेची कधीच संपत नाही. १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमात तिची तरतूद आहे (कायद्याच्या नावात आता मुंबईऐवजी महाराष्ट्र आलं आहे), आणि १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीनं ती थेट राज्यघटनेत गेली. वर्षातून किमान ४ सभा घ्यायच्या. ७ दिवस आधी नोटीस द्यायची. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं हजर हवीत. नियमित सभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही. ही शेवटची ओळ वाचकांनी पुन्हा एकदा वाचावी. पहिल्या दिवशी लोक आले नाहीत, तर दुसऱ्या वेळी जेवढे येतील तेवढ्यांचंच गाव होतं.

सभा कशी चालते, हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. मागच्या सभेचं प्रोसिडिंग वाचून कायम करणं, वरून आलेली पत्रकं, जमाखर्च, योजनांचे लाभार्थी, आणि सगळ्यात शेवटी आयत्या वेळचे विषय. पुढच्या खुर्च्यांवर पुढारी मंडळी, सतरंजीवर म्हातारी माणसं, आणि दाराशी मोटारसायकलीला टेकून तरणी पोरं. जमाखर्च वाचला जातो तेव्हा जांभया येतात. लाभार्थ्यांची यादी निघाली की सगळे कान टवकारतात. कुणीतरी उठतो, ''आधी मला बोलू द्या की!'' दुसरा म्हणतो, ''विषयाला धरून बोला.'' दहा वर्षांपूर्वीची भावकी वर येते. मग कुणी जाणता माणूस आवाज खाली आणतो आणि कोपऱ्यात बसलेल्या एखाद्याला विचारतो, ''चाचा, तुमचं काय म्हणणं हाय? बोला की.'' या ''बोला की'' मध्ये फार मोठी गोष्ट आहे. सभा चांगली की वाईट, हे आवाज किती चढला यावरून आम्ही ठरवत नाही. कोपऱ्यातल्या माणसाला कुणी विचारलं का, त्यावरून ठरवतो.

अब्बांचं शिलाईचं दुकान होतं. सभेच्या दिवशी ते दुपारीच मशीनवर झाकण टाकत, टोपी घालत आणि जाऊन बसत. बोलत फारसे नसत. पण बोलले, की सभा संपल्यावर थांबत आणि हात जोडून म्हणत, ''साहेब, आपलं वाक्य कसं लिहिलंय, तेवढं वाचून दाखवा.'' लोक हसत. अब्बा म्हणत, ''बोललेलं वाऱ्यावर जातं. लिहिलेलं उद्या कलेक्टरसुद्धा वाचतो.'' एकदा त्यांनी दुसऱ्या गल्लीतल्या शाळेच्या छपराचा विषय काढला. आमच्या गल्लीतलं एकही पोर त्या शाळेत जात नव्हतं. घरी आल्यावर अम्मीनं विचारलं, ''अपना क्या काम था उसमें?'' अब्बा म्हणाले, ''छप्पर गावाचंच आहे की.''

हे सांगण्याचं कारण आहे. ग्रामसभेत मुसलमान माणूस बोलायला उभा राहिला, की ऐकणारे आधीच विषय ओळखतात : कब्रस्तानची भिंत, नाहीतर कब्रस्तानचा रस्ता. दोन्ही विषय खरे आहेत. मयतीला चिखलातून न्यावं लागतं तेव्हा त्या रस्त्याची किंमत कळते. पण वर्षातून एकदा भिंतीपुरतं बोलायचं आणि पाणी, शाळा, पाणंद, रेशन, जमाखर्च यांवर गप्प बसायचं, अशानं गावाच्या लेखी आपण भिंतीचे मालक उरतो, गावाचे राहत नाही. आणि आपण ज्यांच्या छपरासाठी कधी उठलो नाही, ते आपल्या भिंतीसाठी का उठतील?

अम्मीला सभेत जायची सवय नव्हती. महिला सभेची नोटीस आली तेव्हा शेजारच्या काकींनी हाताला धरून नेलं. तिची मराठी बाजाराची, क्रियापदं आपल्या सोयीनं वळवणारी. ती एवढंच म्हणाली, की पाणी सोडायची वेळ फळ्यावर लिहा, म्हणजे बाई मजुरीला जायची का घरी थांबायची ते आदल्या दिवशी ठरवेल. बायकांनी माना डोलावल्या. सूचना तिच्या नावानिशी लिहिली गेली. कागदावर तिचं नाव त्याआधी दोनच ठिकाणी होतं : रेशन कार्डावर आणि मतदार यादीत.

आता दुसरी बाजू. आमच्या नात्यातले एक गृहस्थ दूरच्या एका गावात बांगड्यांचा गाडा लावतात. गावाचं नाव नको. तिथं सभेला आलेल्यांच्या सह्या दारातच घेतल्या गेल्या. यांनीही केली, थोडा वेळ बसले आणि मगरिबच्या नमाजला उठून आले. नंतर आयत्या वेळच्या विषयात बाजारातले गाडे हलवण्याचा ठराव झाला. तो लिहिला गेला सर्वानुमते, आणि त्या ''सर्व''मध्ये यांची सही पहिल्याच पानावर! हजेरीची सही म्हणजे होकार नव्हे, हे समजावून सांगताना त्यांचा आठवडाभराचा धंदा बुडाला. ठराव वाईट हेतूनं झाला असं ते आजही म्हणत नाहीत. एवढंच म्हणतात, ''मला विचारलं नाही.''

ग्रामसभेच्या हातात किती ताकद असते, हे आमच्या कोल्हापूर जिल्ह्यानं दोन वर्षांच्या अंतरानं दोनदा पाहिलं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ४ मे २०२२ रोजी ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, मंगळसूत्र तोडायचं, बांगड्या फोडायच्या, जोडवी काढायची, ही प्रथा गावात बंद. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. कोरोनानं घराघरांत तरुण विधवा मागं ठेवल्या होत्या. तेरा दिवसांच्या आत, १७ मे रोजी, राज्य शासनानं परिपत्रक काढून हेरवाडचा कित्ता साऱ्या ग्रामपंचायतींपुढं ठेवला. मंत्रालयातून हुकूम खाली येतात हे आपण रोज पाहतो. इथं एका गावाचा ठराव मंत्रालयात वर गेला.

दुसरा ठराव २०२४ च्या ऑगस्टअखेरचा, कोल्हापूर शहराच्या कडेला असलेल्या शिंगणापूरचा. गावात नव्यानं येणाऱ्या मुसलमानांची नावं मतदार यादीत घेऊ नयेत, असा तो होता. सप्टेंबरमध्ये त्याचा कागद बाहेर आला, गदारोळ झाला, दिलगिरीही व्यक्त झाली. कायद्यानं पाहिलं तर त्या ठरावाला काही किंमत नव्हती. मतदार यादी ग्रामपंचायत करत नाही. विधानसभेची यादी निवडणूक आयोगाची यंत्रणा करते, पंचायतीची यादी तिच्यावरूनच निघते, आणि अठरा वर्षं पूर्ण केलेल्या नागरिकाचा मताचा हक्क राज्यघटनेच्या कलम ३२६ मधला आहे. तरीही त्या आठवड्यात आमच्या घरांत रात्री उशिरापर्यंत बोलणं चाललं. भाड्यानं राहायला जाणाऱ्या, बदली होणाऱ्या, लग्न होऊन दुसऱ्या गावी नांदायला जाणाऱ्या पोरीबाळींची नावं डोळ्यांपुढं आली. ठराव टिकला नाही, हा दिलासा होता. पण तो सुचवताना, त्याला अनुमोदन देताना, लिहिताना, ''अहो, हे आपल्या हातात आहे का?'' एवढं विचारणारा एक आवाज लागत होता. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढी गावानं कानिफनाथांच्या यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना दुकानं लावू न देण्याचा ठराव केला. गटविकास अधिकाऱ्यांनी तो रद्द ठरवला. तिथंही प्रश्न अखेर नियमांपाशीच येऊन थांबला : सभा कशी झाली, आणि असा ठराव करायचा तिला अधिकार होता का.

सभेला काय ठरवता येतं आणि काय नाही, हा प्रश्न एकट्या आपल्या देशाचा नाही. स्वित्झर्लंडमध्ये आपेन्झेल इनररोडन नावाचा एक छोटा प्रांत आहे. तिथले मतदार वर्षातून एकदा, एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, उघड्या चौकात जमतात आणि हात वर करून कारभार ठरवतात. लोकशाहीचं सुंदर चित्र म्हणून जगभर त्याचे फोटो छापले जातात. पण १९९० पर्यंत त्या चौकात बायकांना हात वर करायचा हक्क नव्हता. त्या वर्षी एप्रिलमध्ये जमलेल्या पुरुषांनी पुन्हा एकदा तो नाकारला, बहुमतानं. मग नोव्हेंबरमध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं बायकांच्या बाजूनं निकाल दिला, आणि १९९१ च्या सभेत त्या पहिल्यांदा उभ्या राहिल्या. सभेला पुष्कळ गोष्टी ठरवता येतात. सभेत कोण बसणार, हे मात्र आधीच बसलेल्यांनी ठरवायचं नसतं.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, अशा सभांपेक्षा साहेबांचा कारभार बरा. त्यानं कोल्हापूर शहराकडं पाहावं. महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. त्या सभागृहाच्या शेवटच्या महापौर निलोफर आजरेकर. त्यानंतर जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत पाच वर्षं प्रशासकाचा कारभार चालला. ठराव तेव्हाही होत होते, कागद हलत होते. पण उभं राहून ''का?'' असं विचारणारा नगरसेवक नव्हता, आणि त्याला तसं विचारायला लावणाऱ्या गल्लीला दार नव्हतं. गोंगाटाची सभा बंद सभागृहापेक्षा केव्हाही बरी.

म्हणून आमचं आपल्या माणसांना सांगणं साधं आहे. नोटीस लागली की तिचा फोटो काढून गल्लीतल्या प्रत्येक घराला दाखवा. विषयपत्रिका वाचा. हजेरीची सही करताना वर काय लिहिलंय ते पाहा. आपला विषय असो वा नसो, जमाखर्चाच्या वेळी जागे राहा. पटत नसेल तर उठून शांतपणे सांगा, ''माझा विरोध नोंदवा,'' आणि तो नोंदवला का ते सभा संपल्यावर विचारा. प्रोसिडिंगची नक्कल हवी असेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली १० रुपयांच्या स्टॅम्पवर अर्ज होतो. बायकांना घेऊन जा. त्यांची सभा कायद्यानं आधीची आहे. आयत्या वेळच्या विषयांपर्यंत थांबा. नमाजची वेळ झाली तर दोघांनी बसावं, दोघांनी जाऊन यावं. आणि दुसऱ्याच्या छपराचा विषय निघाला, तर आपणही हात वर करा.

अब्बा आता नाहीत. सभेला आता आम्ही जातो, आणि संपल्यावर थांबतो. विरोध नोंदवूनही ठराव मंजूर झाला, तर त्यापुढं ''बहुमताने'' असं लिहावं लागतं. तो शब्द लिहून घ्यायला वेळ लागतो. लागू दे.