उंचीचे माप

चेकॉव्हच्या 'रॉथशिल्डचे व्हायोलिन' (1894) या कथेतला याकोव्ह शवपेट्या करतो. बायको मरणाच्या दारात असताना तो तिच्या अंगाची मापे घेतो, पेटी करतो आणि वहीत खर्च मांडतो : 2 रूबल, 40 कोपेक. बायको तेव्हा जिवंत असते. ही कथा आम्ही वर्गात अनेक वर्षे शिकवली, याकोव्हच्या कोरडेपणावर परीक्षेत प्रश्नही काढले. पुढे त्याचाच धंदा आपल्या हाती येईल, हे मात्र ध्यानीमनी नव्हते.

मूत्रपिंडे निकामी झाली तेव्हा डायलिसिस सुरू झाले. आठवड्यातून 3 दिवस, दर खेपेस 4 तास. तासिका बुडू लागल्या आणि आम्ही नोकरी सोडली. घर मरोळच्या गावठणात. वडील सुतार होते. त्यांचा रंधा, करवत, गुण्या पोटमाळ्यावर पडून होता. त्याच सुमारास नात्यातले एक माणूस गेले. त्याच्यासाठी आणलेली पेटी प्लायवूडची होती, आणि कबर खणणाऱ्याने तिच्याकडे पाहून कपाळाला हात लावला. उपनगरांतल्या दफनभूमींत जागा अपुरी. काही वर्षांनी तीच कबर पुन्हा उघडावी लागते. साधी फळी तोवर मातीत मिळते, प्लायवूडला धरून ठेवणारे रेझिन मिळू देत नाही. आम्ही खोक्यांच्या पाइनच्या फळ्या आणल्या.

सहा बाजूंच्या पेटीत खरी परीक्षा खांद्याशी असते. फळी तोडायची नाही, वाकवायची. आतल्या अंगाने करवतीने समांतर खाचा घ्यायच्या, वर कढत पाणी ओतायचे, थांबायचे आणि मग हलक्या हाताने वळवायचे. घाई केली की फळी कडकन मोडते. पहिल्या महिन्यात आमच्या चार मोडल्या. किती थांबावे हे वडिलांनी सांगून ठेवले नव्हते. ते आम्हांस रोझरीने शिकवले : एक दशक पुरे होईतो पाणी मुरते. डाव्या हाताला फिस्टुला, म्हणजे धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडलेली. त्या हाताने जड उचलायचे नाही. उचलायला शेजारचा मुलगा येतो, अस्तर पत्नी शिवते.

लोक विचारतात, श्रद्धेने बरे वाटते का? मूत्रपिंडांना वाटत नाही. ते मागणेही आम्ही सोडले आहे. मात्र संत योसेफ सुतारांचा पाठीराखा, तसाच चांगल्या मरणाचाही. ही दोन खाती एकाच संताकडे का, हे कोड वयाच्या पन्नाशीनंतर रंधा मारताना उलगडले. शिवाय आमच्या मरोळकरांचा देव मुळातच साथीतून वाचवून आणलेला. आज सीप्झच्या कुंपणाआड पडके उभे असलेले, 1579 साली बांधलेले चर्च 1840 मध्ये साथीमुळे सोडून आमचे पूर्वज मरोळला आले. मे महिन्यात त्या छप्पर नसलेल्या भिंतींत अजून मिस्सा होते.

(वसईकडील काही चर्चांनी अलीकडे पेटीच सोडून कापडात दफन सुरू केले आहे. ख्रिस्तालाही तागाचे वस्त्रच होते, असा त्यांचा युक्तिवाद. धंद्याला मारक, पण बिनतोड.)

असो. सांगायचे होते ते निराळेच.

डायलिसिसला आमच्या शेजारच्या खाटेवर घाटकोपरच्या एक बाई असत. मुलीचा हात धरून मेट्रोने यायच्या. तीन वर्षे आम्ही एकमेकांची वजने ऐकत आलो. तिथे ती आधी आणि नंतर मोठ्याने सांगितली जातात. पाणी किती प्यालात यावरून एकमेकांना टोमणे मारायचो. एका सोमवारी त्या आल्या नाहीत. रात्री मुलीचा फोन आला.

"सर, पेटी तुम्हीच करा. पण आईची उंची मला नक्की ठाऊक नाही हो. मोजायचं धाडस होत नाहीये."

"नका मोजू," आम्ही म्हणालो. "पाच फूट एक. खांद्याशी सोळा इंच."

फोन ठेवल्यावर पत्नीने आमच्याकडे पाहिले. आकडा आठवावा लागला नव्हता. त्या हसत, बोलत असताना, कधी कोण जाणे, आमच्या डोळ्याने माप घेऊन ठेवले होते. याकोव्हने निदान उघडपणे, पट्टी हातात घेऊन तरी मापे घेतली.

त्या रात्री दशक पुरे होईना. 'नमो मरिये' मध्येच तुटायची आणि पहिल्यापासून म्हणावी लागायची. पाणी थंड झाले, पुन्हा उकळले. फळी मात्र वळली. मंगळवारी सकाळी टेम्पोतून असल्फ्यामार्गे पेटी गेली. माप बरोबर निघाले. मुलीने पैसे घ्यायलाच लावले. लाकूड, खिळे, साटीन, टेम्पो, सारे वहीत मांडले.

बुधवारी त्या खाटेवर एक नवा तरुण होता. त्याने आपणहून नाव सांगितले, गप्पाही सुरू केल्या. आम्ही उत्तरे दिली. चारही तास डोळे छताला लावून.