राजगड ते तोरणा, व्हाया ऐरोली

शुक्रवारी रात्री ऐरोली नाक्यावर चौघे भेटलो. सॅक पाठीवर, पोटं पुढे! कॉलेजात असताना राजगड-तोरणा आम्ही पळत केला होता, बॉस. या वेळी पहाटे गुंजवण्यातून राजगड चढलो आणि संजीवनी माची उतरतानाच गुडघे बोलायला लागले. १४०३ मीटरचा तोरणा समोर दिसतो, पण धारेवरून कितीही चाला, जवळ येत नाही.

आमच्यातला सगळ्यात तगडा गडी सारखा मागे पडत होता. बुधला माचीखाली तो बसलाच.

"दोन महिने झाले, नोकरी गेलीय. घरी माहीत नाही. रोज डबा घेऊन निघतो."

आणि आम्ही त्याला रोज सकाळी बसस्टॉपवर हात करत होतो! कुणाला काही सुचेना. त्याची सॅक तिघांनी वाटून घेतली. वेल्ह्यात उतरताना तोच सगळ्यांच्या पुढे होता.

रविवारी रात्री त्यानं घरी सांगितलं.