गळका पाइप, सायकलची ट्यूब आणि आमच्या घरची कावीळ



शिरूरच्या माझ्या दवाखान्यात काविळीचा पेशंट आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "बाहेर काय खाल्लं? पाणीपुरी? उसाचा रस?" पेशंटही मान खाली घालून काहीतरी कबूल करायचे.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझ्याच नऊ वर्षांच्या मुलीला कावीळ झाली. आधी भूक गेली, दोन दिवस उलट्या, मग गडद लघवी आणि पिवळे डोळे. तपासणीत हिपॅटायटीस ए निघाला. तिलाही मी तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "आई, तू बाहेरचं खाऊ कुठे देतेस?"

हा विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस जातात, सरासरी २८. मी कॅलेंडर काढून चार आठवडे मागे गेले. त्या आठवड्यात आमच्या नळाला पहिली दहा मिनिटं गढूळ, वास येणारं पाणी येत होतं. घोड नदीला नवीन पाणी आलं असेल, असं म्हणून आम्ही ते सोडून दिलं होतं. स्वयंपाकघरात प्युरिफायर होता, पण दात घासताना चूळ भरायचं पाणी टाकीचंच.

आता माझी चूक सांगते. मीटरपासून हौदापर्यंतचा आमचा अर्ध्या इंची जीआय पाइप गटारातून येतो. वर्षभरापूर्वी तो गळायला लागला. प्लंबर मिळेना, म्हणून मीच त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली, वर बाइंडिंग वायर आवळली. थेंब थांबले. माझं मलाच कौतुक वाटलं.

दौंडहून अण्णा, म्हणजे माझे वडील, नातीला भेटायला आले तेव्हा पान्हा घेऊनच आले. रेल्वे क्वार्टरमध्ये आयुष्यभर नळ स्वतः दुरुस्त केलेला माणूस. ट्यूब बघून म्हणाले, "अगं, ही गळती बंद नाही केलीस, झाकलीस." ट्यूब सोडली तर खाली गंजून पडलेलं भोक, आणि त्यात काळा गाळ.

तुम्ही म्हणाल, पाणी बाहेर येत होतं, मग घाण आत कशी जाईल? आपल्याकडे नळाला चोवीस तास पाणी नसतं. पाणी चालू असताना पाइपात दाब असतो, तेव्हा ते भोकातून बाहेर पडतं. पाणी गेलं की पाइपातलं उरलेलं पाणी उताराकडे ओसरतं आणि मागे ओढ तयार होते. मग त्याच भोकातून गटाराचं पाणी आत येतं आणि पुढच्या वेळी सगळ्यात आधी तुमच्या हौदात पडतं. नळाला थेट मोटर लावली असेल तर ही ओढ कितीतरी जास्त. बाहेरून ताणलेली ट्यूब हे थांबवेलच असं नाही.

मुलीला कावीळ त्याच भोकामुळे झाली, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण मला दुसरं कारणही सापडलं नाही. हिपॅटायटीस ई, टायफॉइड, कॉलरा याच वाटेनं येतात. घरात गरोदर बाई असेल तर हिपॅटायटीस ई जिवावर बेतू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड भागात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हाही काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरणारा जंतू सापडला होता.

दुरुस्ती आम्ही दोघांनी एका दुपारी केली. मेन लाइनपासून मीटरपर्यंतच्या भागाला हात लावू नका, तिथे परवानाधारक प्लंबरच हवा. मीटरनंतरचा कॉक बंद केला. हातात रबरी मोजे. गटारातला तुकडा पूर्ण काढला आणि सीपीव्हीसी पाइप गटाराच्या वरून, भिंतीला क्लॅम्प मारून नेला. खरी दुरुस्ती ही जागा बदलणं हीच होती. नवा पाइप उघडा असताना त्याच्या तोंडाला पिशवी बांधून ठेवा, नाहीतर गाळ आत जातो. तोंड सरळ कापा, कड घासून घ्या, सोल्यूशन पाइपला आणि सॉकेटला दोन्हीकडे लावा, थोडं फिरवत दाबा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. पाणी किती तासांनी सोडायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. आम्ही रात्रभर थांबलो. लोखंडी आट्यांवर टेफ्लॉन टेप. (अण्णांच्या काळी सुतळी आणि सफेदा लावत. जुन्या सफेद्यात शिसं असायचं, पिण्याच्या पाण्याला तो नको.)

पहिलं पाणी बाहेर सोडून दिलं. हौद आणि टाकी घासून धुतली. मग हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम ताजी टीसीएल पावडर बादलीत कालवली, गाळ खाली बसू दिला, वरचं पाणी टाकीत ओतलं आणि तासभर नळ उघडला नाही. पंधरा दिवस सगळ्यांनी उकळलेलंच पाणी प्यायलं.

मुलगी पाच आठवड्यांत पूर्ण बरी झाली. औषध असं फारसं नव्हतंच, विश्रांती आणि तिला आवडेल ते घरचं खाणं.

आता काविळीच्या पेशंटला मी पाणीपुरीच्या आधी विचारते, "तुमचा पाइप कुठून येतो?" बहुतेकांना ते बघावं लागतं. परवा एकजण घरी जाऊन परत आला आणि म्हणाला, "मॅडम, गटारातूनच येतो. पण गळत नाही, मी ट्यूब बांधलीये."