उंबरठ्याच्या आत

शरण आलेल्या कपोतासाठी स्वतःच्या मांडीचे मांस तराजूत घालणारा शिबी राजा आपणां सर्वांना बालपणापासून परिचित आहे. त्या कथेतील ससाण्याचा युक्तिवाद मात्र सहसा कोणी आठवीत नाही. माझे हक्काचे भक्ष्य तू का अडवितोस, असे तो राजाला विचारतो. छळाला त्रासलेला विरोधी पुढारी एखाद्या परक्या वकिलातीत आश्रयाला जातो, तेव्हा त्याचे सरकार याच ससाण्याच्या भाषेत बोलू लागते.

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाचे उदाहरण घ्यावे. ऑक्टोबर १९४८ मध्ये तेथे एक लष्करी उठाव फसला व त्याचा ठपका 'आप्रा' पक्षाचे नेते आया दे ला तोरे यांच्यावर ठेवण्यात आला. त्याच महिन्यात सेनानी ओद्रिया यांनी सत्ता बळकावली. ३ जानेवारी १९४९ रोजी आया दे ला तोरे लिमा येथील कोलंबियाच्या वकिलातीत शिरले. हा राजकीय आरोपी आहे, त्यास देशाबाहेर जाऊ द्या, असे कोलंबियाचे म्हणणे. हा सामान्य गुन्हेगार आहे, असे पेरूचे. वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. २० नोव्हेंबर १९५० रोजी न्यायालयाने हा आश्रय नियमबाह्य ठरविला. पुढे १३ जून १९५१ रोजी मात्र त्याच न्यायालयाने सांगितले की, आश्रय संपुष्टात यावयास हवा हे खरे, परंतु आश्रिताला पेरूच्या स्वाधीन करण्याचे बंधन कोलंबियावर नाही.

हा निकाल वाचताना मला हेगचाच एक जुना निकाल आठवला. महाराष्ट्रापासून दूर वसलेल्या आपल्या घरांतूनही सावरकरांच्या मार्सेलिसच्या उडीची हकिकत सांगितली जाते. ८ जुलै १९१० रोजी त्यांनी 'मोरिया' बोटीतून समुद्रात उडी घेतली, फ्रान्सचा किनारा गाठला, आणि एका फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून ब्रिटिशांच्या हाती दिले. हा भाग शिकविताना दरवर्षी कोणी तरी विद्यार्थी विचारतोच, "सर, ते फ्रान्सच्या भूमीवर पोहोचले होते ना? मग परत कसे नेले?" त्या मुलाचा प्रश्न फ्रान्सनेही विचारला होता. २४ फेब्रुवारी १९११ रोजी लवादाने उत्तर दिले की, अटक व स्वाधीनता यांत अनियमितता झाली खरी, तथापि कैद्याला परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही.

दोन्ही निकालांचा साचा एकच आहे. घडले ते नियमास धरून नव्हते, पण परत देण्याचे बंधन नाही! माणूस ज्याच्या हाती होता, त्याच्याच हाती राहिला. एकाला त्यामुळे अंदमान पाहावे लागले, तर दुसऱ्याचा जीव वाचला. कायदा जेथे थांबतो, तेथून पुढे आश्रयदात्याच्या निर्धारावरच सारे अवलंबून असते, हे यावरून ध्यानी येते.

तो निर्धार सैल झाला तर काय होते, हे हंगेरीत दिसले. पदच्युत पंतप्रधान इम्रे नॉज हे ४ नोव्हेंबर १९५६ रोजी बुडापेस्टमधील युगोस्लाव्हियाच्या वकिलातीत गेले. सुरक्षिततेचे लेखी आश्वासन मिळाल्यावर २२ नोव्हेंबरला ते बाहेर पडले आणि लगेच पकडले गेले. १६ जून १९५८ रोजी त्यांना फाशी देण्यात आली.

कोलंबियाने तसे केले नाही. वकिलातीभोवती पहारा असताना तिने आपला पाहुणा पाच वर्षांहून अधिक काळ सांभाळला. एप्रिल १९५४ मध्ये आया दे ला तोरे यांना देशाबाहेर जाता आले. पुढे १९७८ साली पेरूची नवी राज्यघटना तयार करण्यासाठी जी सभा निवडली गेली, तिच्या अध्यक्षपदी हाच एकेकाळचा 'सामान्य गुन्हेगार' बसला. १९७९ मध्ये, मृत्यूपूर्वी थोडेच दिवस, त्याने त्या घटनेवर स्वाक्षरी केली.

विद्यार्थ्यांना मी आता सावरकरांच्या पाठोपाठ ही हकिकतही सांगतो. दार उघडणे एका क्षणाचे काम असते. ते पाच वर्षे राखण्याला मात्र फार मोठे मन लागते.