झाकावे कधी, सांगावे कधी?

2019 च्या मे महिन्यातला, कडक उन्हातला रमजान. चाकणला आमच्या वरच्या खोलीत नवा भाडेकरू आला. मराठवाड्यातला, कारखान्यात कंत्राटावर कामाला. ओळख सलामापुरतीच. एकटाच रोजा सोडतो हे कळल्यावर आम्ही त्याला इफ्तारला खाली बोलावू लागलो. एका रात्री तरावीहनंतर तो मोकळा झाला. मोबाईलवरच्या जुगारात बहिणीच्या लग्नाचे पैसे घालवून तो घरातून निघाला होता. आता जुगार सुटला होता; दर पगाराला तो घरी पैसे पाठवत होता.

आम्ही ही गोष्ट कुणाकडे काढली नाही. जो दुसऱ्याचा दोष झाकतो, त्याचा दोष अल्लाह झाकतो, अशा अर्थाची हदीस आहे.

पण ईदनंतर भोसरीच्या एका कुटुंबाने मुलीच्या रिश्त्यासाठी त्याची चौकशी केली. आता गप्प राहणे म्हणजे त्या मुलीची फसवणूक. हजरत फातिमा बिन्ते कैस (रजि.) यांनी रिश्त्याबद्दल सल्ला विचारला, तेव्हा प्रेषितांनी (स.) मागणी घालणाऱ्यांच्या उणिवा त्यांना स्पष्ट सांगितल्या होत्या.

आम्ही त्याला म्हणालो, "बेटा, तू स्वतः जाऊन सांग. नाहीतर आम्हाला सांगावे लागेल."

दोन दिवस तो जेवला नाही. तिसऱ्या दिवशी गेला. मुलीच्या अब्बांनी ऐकून घेतले आणि वर्षाची मुदत दिली: आधी बहिणीचे पैसे फेड. लॉकडाऊनमध्ये काम थांबले, तेव्हा त्यांनीच मुदत वाढवली. पैसे फिटले, मग निकाह झाला.

दोष झाकावा, पण त्याच्या आडून कुणाची फसवणूक होऊ देऊ नये.