मधली मोकळी जागा

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. बेरीज म्हटली की डोळ्यांपुढे आकडे येतात. पण शब्दांचीही बेरीज असते आणि ती आकड्यांपेक्षा जास्त छळते, हे ज्ञान मला केजच्या शाखेत खिडकीमागे बसून झालं.

आमच्याकडे एक तरुण अधिकारी बदलून आला आहे. जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेत तो छोटे छोटे प्रोग्रॅम लिहितो. या भाषेत सुटे शब्द एका ओळीत मांडून ठेवतात, त्या ओळीला म्हणायचं ॲरे. म्हणजे सुटे मणी. त्यांची एक सलग माळ हवी, तर ‘जॉइन’ म्हणायचं आणि दोन मण्यांमध्ये काय घालायचं ते सांगायचं. मोकळी जागा, आडवी रेघ, जे हवं ते. सांगितलं नाही, तर ती आपल्या मनानं स्वल्पविराम घालून मोकळी होते. (आमच्या घरीही हीच पद्धत आहे.) पीएचपी नावाची दुसरी एक भाषा यालाच ‘इम्प्लोड’ म्हणते. इंग्रजीत याचा अर्थ आतल्या आत कोसळणे! तिथं पूर्वी मणी आधी सांगा की दोरा आधी, दोन्ही चालायचं. २०२० साली आठवी आवृत्ती आली आणि दोरा आधीच, असा नियम झाला. सर्क्युलर काढणारे लोक सगळीकडे असतात.

आता गंमत अशी, की मणी तीन असले तर मधल्या जागा दोन. पण मधला मणीच कोरा असेल तर? जॉइन त्याला वगळत नाही. त्याच्या अलीकडची आणि पलीकडची, दोन्ही जागा इमानदारीनं राखतो. आपल्या डोळ्यांना फरक दिसत नाही, पण यंत्राच्या लेखी एक जागावाली आजी वेगळी आणि दोन जागावाली वेगळी.

आणि कोरे मणी आमच्याकडे ढिगानं. जुन्या फॉर्मावर रकाने तीन: नाव, पतीचं नाव, आडनाव. आमच्या भागातल्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. कुणी विचारलं असेल, आजी पदराआड हसल्या असतील, झालं, रकाना कोरा. (१ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात आईचंही नाव आलं आहे. म्हणजे मणी चार. आमच्या अधिकाऱ्याची निवृत्तीपर्यंतची सोय झाली.)

त्यानं ही नावं ओवली, आधारवरच्या नावांशी ताडली आणि ‘जुळत नाही’ची भलीमोठी यादी निघाली. तीत एक आजी होत्या. जन्म ऊसतोडीत गेलेला, आता महिन्याच्या अनुदानावर चूल पेटायची. तीन हेलपाटे झाले. पोरगं हुशार, त्यानं ओवण्याआधी गाळणी लावली. कोरे मणी बाजूला, मग जॉइन. लगेच जुळलं.

मी म्हणालो, “आजी, मधला रकाना रिकामा होता, तो काढून टाकला. आता पैसे मिळतील.”

“रिकामा कसा? आमचं मालक व्हतं की तितं!”

आणि आजींनी खिडकीशी उभं राहून खणखणीत उखाण्यात नाव घेतलं. रांगेतला आरडाओरडा थांबला. पोरगं ते नाव रकान्यात भरायला निघालं, तसा मी त्याचा हात धरला. आधारवर नावं दोनच. तिसरं घातलं, की आजी पुन्हा यादीत.

हे आजींना समजावताना मला घाम फुटला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि अंगठा पुढं केला.

“मग ऱ्हाऊ द्या, सायेब. तुमी ऐकलं नव्हं? आता पैसे द्या, युसूफवडगावची यष्टी जाईल माजी.”