मागच्या अंगाला दोन खोल्या

मुळा कारखान्याचा बॉयलर पेटला आणि उसाचा पहिला हप्ता खात्यावर पडला, की सोनईत बांधकामाची बोलणी सुरू होतात. तेव्हापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत गवंड्याला उसंत नसते. कुणाचा बंगला, कुणाचा गोठा, कुणाची विहीर बांधायची. या सगळ्यात एक काम मात्र दरसाल ठरलेलं. "मिस्त्री, मागच्या अंगाला दोन खोल्या काढायच्यात."

कारणं घरोघरी वेगळी. थोरल्याचं लग्न ठरलेलं असतं. आईचे गुडघे पायऱ्या चढू देत नाहीत. गावात शाळा-कॉलेजं आहेत, बाहेरगावचे मास्तर भाड्यानं खोली विचारत फिरतात. कुठं एकत्र राहायचं असतं पण चूल वेगळी हवी असते, कुठं चूल एकच चालते पण निजायला स्वतःची खोली हवी असते. हे तोंडानं कुणी सांगत नाही. जागेवर उभं राहिलं, कोण कुणाकडं बघून बोलतंय हे पाहिलं, की उमगतं.

मी हे काम मोठ्या कामाइतकंच मन लावून करतो, कारण त्याच्याकडं बाकी कुणी लक्ष देत नाही. बंगल्याला पुढची बाजू असते, तिच्यावर मालक हौसेनं खर्च करतो. मागच्या खोल्या रस्त्यावरून दिसत नाहीत. म्हणून त्या उरल्यासुरल्या सामानातून उभ्या राहतात: गोठ्यावरचे जुने पत्रे, पाडलेल्या पडवीची चौकट, शिल्लक राहिलेल्या विटा. आणि तिथं राहायला जातं ते घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस, नाहीतर सगळ्यात नवं.

पहिला वाद ठरलेला असतो, भिंतीचा.

"ही भिंत आयती हाय, मिस्त्री. तीन काढा, चौथी हीच धरा. तेवढ्याच इटा वाचतील."

"दादा, चौथीबी नवीच काढू."

मालकाचं म्हणणं अडाणीपणाचं नाही. आपल्याकडची जुनी धाब्याची घरं अशीच वाढत गेली. घर मोजायचं ते खणांवर. दोन खांब, वर तुळई, त्यावर आडवी लाकडं, मग काड्या-चिपाडं आणि वरून पांढऱ्या मातीचा थर. पोरं वाढली की पुढं आणखी खांब रोवायचे आणि एक खण वाढवायचा. धाब्याचं ओझं लाकडी खांबांवर, भिंत बरीचशी आडोशाला. लाकूड थोडं वाकलं, माती थोडी खचली, तर पावसाळ्याआधी वर नवी माती घालायची, झालं. त्या घराला जोडून घेणं जमत होतं. विटेची भिंत आणि सिमेंटचा स्लॅब यांना ते जमत नाही. ती दोन्ही ताठ. खालची जमीन हलली की ती वाकत नाहीत, तडकतात.

आणि आपली जमीन हलते. सोनईच्या शिवारातली काळी उसाला सोन्यासारखी, पायाला तितकीच अवघड. या मातीतले बारीक कण पाणी पितात आणि फुगतात, वाळले की आक्रसतात. मे महिन्यात पडीक रानात जा, भेगेत हाताचा पंजा आत जातो. जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले की तीच भेग मिटून जमीन वर येते. एकमजली घर वजनानं हलकं. मोठ्या इमारतीचं ओझं माती दाबून धरतं, दोन खोल्यांचं ओझं ती सहज उचलते. म्हणून छोट्या घराला पाया कमी लागतो हा समज काळीत उलटा पडतो.

कारखान्याच्या आसपास ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात, त्या मी नेहमी निरखून बघतो. बांबू, चटया, वर पाचट. बीड-पाथर्डीकडून आलेलं जोडपं उतरल्या दिवशी कोपी उभी करतं. तिला पाया नाही, म्हणून काळी तिचं काही वाकडं करू शकत नाही. त्या घरात थंडीवाऱ्यात लेकरं कशी राहतात हा विचार वेगळा आणि जिवाला लागणारा आहे. पण बांधकामापुरतं बोलायचं तर या जमिनीत घर एकतर असं हवं, नाहीतर पाय मुरमाला टेकलेलं हवं. मधलं काही टिकत नाही.

म्हणून मी आधी एक खड्डा घेतो. जिथं खोली यायची तिथंच, माणूस उतरेल एवढा. वरच्या थरात पांढरी, राख, खापराचे तुकडे निघतात, गावठाणात हे असतंच. त्याखाली काळी लागते. पहारीनं निघालेलं ढेकूळ हातात घेऊन पाण्याचा शिपका मारायचा आणि अंगठा फिरवायचा. साबणासारखं गुळगुळीत लागलं तर अजून खाली जायचं. मग मातीचा रंग फिका व्हायला लागतो, चुनखडीचे पांढरे खडे दिसतात, आणि एका जागी पहारीचा आवाज बदलतो. तो मुरूम. कॉलमचा पाय तिथं टेकवायचा. वर जमिनीलगत प्लिंथ बीमनं सगळे कॉलम बांधून घ्यायचे. जोत्यातला भराव काळीचा करायचा नाही, मुरमाचा करायचा, थराथरानं पाणी मारून धुम्मसानं ठोकायचा. मालकाला वाटतं पैसे मातीत चालले. चाललेतच, आणि तिथंच जायला हवेत.

आता जुन्या भिंतीचा विचार. ती तिथं चाळीस-पन्नास वर्षं उभी आहे. तिच्याखालची माती जेवढी दबायची तेवढी दबून गेली. नवी खोली पहिले दोन-तीन पावसाळे आपली जागा शोधणार. जुन्या भिंतीत दात काढून नवी भिंत तिच्यात अडकवली, की एक बसलेली आणि एक बसू पाहणारी, दोघींची ओढाताण होते. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. ती पुट्टीनं भरा, रंगवा, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येते. जागा अपुरी असेल आणि खेटूनच बांधायचं असेल, तर मी मध्ये थर्माकोलची शीट ठेवतो. दोन्ही भिंती आपापल्या, वरून पावसाचं पाणी शिरू नये म्हणून पत्र्याची पट्टी, आणि ती पट्टीही एकाच बाजूला ठोकलेली. पाया खणतानाही जपावं लागतं. जुना दगडी पाया बाहेर फाकलेला असतो आणि बहुधा उथळ असतो. त्याच्या कडेनं लांबच्या लांब चर मारला तर जुनी भिंतच खाली यायची. तीन-चार फुटांचा तुकडा खणायचा, भरून घ्यायचा, मग एक सोडून पुढचा.

भिंती वेगळ्या ठेवायला आणखी एक कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र उलटून पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. माझे वस्ताद नंतर तिकडं घरं बांधायच्या कामाला गेले होते. ते सांगायचे, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती बाहेरच्या अंगाला फुटून पडल्या, आणि धाब्याची मणामणाची माती झोपेतल्या माणसांवर आली. आरपार जाणारा लांब दगड भिंतीत नव्हता, कोपरे एकमेकांत गुंफलेले नव्हते. तेव्हापासून ते दारा-खिडक्यांवरून सगळ्या घराला वेढणारा सळईचा पट्टा घातल्याशिवाय पुढं जात नसत. मीही जात नाही. हलणाऱ्या जमिनीवर दगड-मातीचं घर आणि कॉलमचं घर एका तालात डोलत नाहीत. चिकटून असली तर एकमेकांवर आदळतात.

तेव्हा जागा असेल तर दोन घरांत मी चार फूट मोकळे सोडायला सांगतो. इथलाच एक मुलगा शिकून ऑस्ट्रेलियात गेला. त्यानं आईवडिलांसाठी मागच्या खोल्यांचा नकाशा सिडनीहून पाठवला, तेव्हा कळलं की ही गोष्ट तिकडंही जोरात चालते. सिडनी ज्या राज्यात आहे, तिथं मागच्या घराला ६० चौरस मीटरपर्यंत परवानगी मिळते आणि लोक त्याला आजीचं घर म्हणतात. कॅलिफोर्नियात घरांची टंचाई एवढी झाली, की सरकारनंच कायदा करून परसातल्या छोट्या घराची वाट मोकळी केली. शेजाऱ्याच्या हद्दीपासून चार फूट सोडले की पुरे. आपला चार फुटांचा बोळ मी हद्दीसाठी सोडत नाही, माणसांसाठी आणि पाण्यासाठी सोडतो. शिडी लावता येते, जुन्या घराची मागची खिडकी उघडी राहते, आणि सुनेला सासूच्या खोलीतून न जाता बाहेर पडता येतं.

आपल्याकडं घरांची मापं तिकडच्याहून खूप लहान. प्रधानमंत्री आवास योजनेचं ग्रामीण घरकुल २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं, आणि त्याला सपाट भागात १ लाख २० हजारांचं अनुदान. स्वयंपाकाची जागा त्यातच. कितीतरी घरकुलं वडिलांच्या घरामागंच उभी राहिलीत, कारण वेगळी जागा आणायची कुठून? ग्रामपंचायतीच्या ८ नंबरला नव्या खोल्यांची वेगळी नोंद, वेगळं रेशनकार्ड, महावितरणचं वेगळं मीटर, हे मी पाया मारायच्या आधीच बोलायला लावतो. घरात गोडी असते तोवर कागद होतात. स्लॅब पडल्यावर भावाभावांत बोळ कुणाचा यावरून कुऱ्हाडी निघालेल्या मी पाहिल्यात.

पाण्याचं सांगायचं राहिलं, आणि खरं तर तेच सगळ्यात आधी सांगायला हवं. काळीत घर फोडतं ते एका बाजूनं ओलं आणि एका बाजूनं कोरडं राहणं. मागच्या खोलीची न्हाणी काढली, पाणी परसात सोडलं, त्यावर केळ लावली, कर्दळ लावली. दिसायला छान. पण ती बाजू बारमाही फुगलेली आणि रस्त्याकडची बाजू उन्हाळ्यात आक्रसलेली. उसाचं रान भिंतीला लागून असेल तरी हाच प्रकार, पाटाचं पाणी आलं की त्या अंगाचा पाया उचलतो. म्हणून घराभोवती तीन फुटांची फरशी, बाहेर उतार दिलेली. न्हाणीचं पाणी पाइपातून लांब न्यायचं, झाडं तिथं लावायची. संडासाचे दोन खड्डे करायचे, एक भरला की दुसरा वापरायचा. काळीत पाणी मुरत नाही, तेव्हा खड्डे मोठे घ्यायचे आणि विटेच्या जाळीबाहेर चहूकडून फूटभर वाळू-खडी भरायची. हे कुणाला दिसत नाही, फोटोत येत नाही. पण खोलीत वास येतो की नाही ते यावर ठरतं.

खोली म्हाताऱ्या माणसासाठी असेल तर माझा हट्ट वाढतो. संडास आतच हवा. पूर्वी तो परसाच्या टोकाला असायचा, आणि रात्री बॅटरी घेऊन निघालेली आजी ओट्यावरून पडली की घराचं सगळं चक्र बदलायचं. दार बाहेर उघडणारं हवं, आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्यांच्या अंगावरच अडतं. दार तीन फूट रुंद, उंबरा नाही, भांड्याशेजारी भिंतीत पक्का बसवलेला दांडा. जोतं दीड फूट उचललं तर उताराला १८ फूट लांबी लागते, एका फुटाला बारा या हिशेबानं. ती भिंतीच्या कडेनं वळवून घ्यायची. पुष्कळ घरमालक उतार म्हणून एक घसरगुंडी करून ठेवतात, तिच्यावरून मोटारसायकल चढते, आजी नाही.

दाराच्या बाबतीत आमच्या भागाचं एक वेगळंपण आहे. सोनईपासून पाच-सहा किलोमीटरवर शिंगणापूर. तिथल्या घरांना चौकट असते, दार नसतं, शनिदेवाच्या भरवशावर. २०११ साली तिथं युको बँकेची शाखा निघाली तीही बिनकुलपाची. तिथं काम करताना मी चौकटीकडं नीट बघायला शिकलो. दारच नाही म्हटल्यावर ती कुठं तोंड करते, आत कितपत दिसतं, वारा आणि नजर कुठून येते, याचाच विचार उरतो. तोच हिशेब मी मागच्या खोल्यांना लावतो. एक दार परसातून बाहेरच्या वाटेला, स्वतःचं. दुसरं मोठ्या घराच्या स्वयंपाकघरासमोर, पण थेट समोरासमोर नाही, थोडं सरकवून. हाक मारली तर ऐकू जावी, पण प्रत्येक भांड्याचा आवाज ऐकावा लागू नये. एका मावशींनी हे दुसरं दार नकोच म्हणून सांगितलं होतं. "मला कुनाच्या तोंडाकडं बघत बसायचं न्हाई, लेकरा." चौकट भिंतीत बसवून घेऊ, वाटलं तर विटा भरून बंद करू, असं म्हणून मी ती ठेवली. नातू झाल्यावर त्यांनीच सुताराला बोलावून दार बसवून घेतलं.

सध्या हाती असलेलं काम एका वस्तीवरचं आहे. खड्डा घेतला तर मुरूम सहा फुटांवर लागला आणि पायाचा खर्च मालकाच्या अंदाजाबाहेर गेला. म्हणून दोनऐवजी एकच खोली, पण न्हाणी-संडास आत, असं ठरलंय. तिथं त्याचे वडील राहणार आहेत. वर पत्रे टाकू, स्लॅब नंतर बघू, असं त्याचं म्हणणं. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याखाली पंखा गरम हवाच फिरवतो, आणि म्हातारं माणूस दुपारी कुठं जाणार? मी त्याला म्हटलंय, टाइल्स नको, पुट्टी नको, बाहेरचा गिलावा पुढच्या हंगामात कर, पण स्लॅब आताच पडू दे आणि वरून चुन्याचे दोन हात मार. रविवारी त्याचा भाऊ पुण्याहून येतोय, तेव्हा बसून बोलणार आहोत.